पेणचा हंगाम, रोह्याची पाळी

पहाटे पाचला उठा, दिवसभराच्या कामांची यादी करा, मोबाइल लांब ठेवा, रात्री दहाला अंथरुणावर पडा. कामही व्हावे आणि जीवही दमू नये यासाठी असे सल्ले हल्ली उदंड मिळतात. त्यांत खोटे काही नाही. पण ज्याचा दिवस ज्याच्या हातात आहे, अशाच माणसासाठी ते सांगितलेले असतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बसलेला रंगारी किंवा रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणारा कामगार यांच्यापुढे ते ठेवले, तर त्यांतले किती टिकतील?

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात विसर्जन आटोपले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. थंडीत आणि उन्हाळ्यात साच्यातून कच्च्या मूर्ती निघतात, वाळतात, घासल्या जातात. परदेशी जाणारा माल पावसाळ्याच्या आधीच बोटीला लागतो. म्हणजे हे काम मुळात वर्षभर पसरलेले आहे. तरीही शेवटचे दोन महिने रात्री-अपरात्रीपर्यंत दिवे जळतात. कारण निम्मी गणिते कारखान्याबाहेरची असतात. व्यापारी ऑर्डर उशिरा पक्की करतो, पावसाळी दमट हवेत शाडू लवकर वाळत नाही, वीज जाते. २०२५ साली तर ३० जानेवारीला उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदी कडकपणे अमलात आणायला सांगितले आणि ९ जूनला मूर्ती घडवायला परवानगी दिली. मधले चार महिने माल काढावा की थांबावे, याचाच घोर. अशा वर्षी कारागिराला ‘वेळेचे नियोजन करा’ असे सांगणे ही जवळजवळ थट्टाच.

पण त्याच कारखान्यात दुसरी बाजूही दिसते. अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामे अनेक हात करतात. डोळ्यांची आखणी मात्र मोजक्यांकडेच असते. बारीक ब्रश, श्वास रोखून ओढलेली एक रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. सगळी मूर्ती उत्तम आणि नजर किंचित तिरकी, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. हात दमला की रेघ जाड होते, हे शहाण्या मालकाला कोणी शिकवावे लागत नाही. आखणीचे काम तो मध्यरात्रीनंतर ठेवत नाही. ते सकाळी घ्यायचे, आणि डोळा ताणला की ब्रश बाजूला ठेवून अंगणात चक्कर मारायची. रात्र झालीच, तर घासायची आणि पॅकिंगची कामे करायची. यात तत्त्वज्ञान काही नाही, नुकसान टाळण्याचा हिशेब आहे. पण दिवसातला ताजा वेळ सर्वांत नाजूक कामाला द्यावा, ही सवय कोणत्याही कचेरीत चालेल. तिथे आपण तोच वेळ व्हॉट्सॲपला देतो, हा भाग वेगळा.

धाटावचा प्रश्न अधिक अवघड. रासायनिक कारखाना रात्री बंद ठेवून चालत नाही, म्हणून पाळ्या आल्या. या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात रात्रीची, असे असेल तर शरीराला ठरावीक वेळ अशी राहतच नाही. पहाटे पाचला उठण्याचा सल्ला देणाऱ्याने एकदा रात्रपाळी करून यावे.

इथे रोह्याचीच एक गोष्ट उपयोगी पडते. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० चा, रोह्याचा. स्वाध्याय परिवारात त्यांनी रुजवलेली त्रिकाळ संध्या म्हणजे दिवसातून तीनदा थांबून ईश्वराचे स्मरण: उठल्यावर, जेवणाआधी आणि झोपण्यापूर्वी. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला महत्त्वाची वाटते ती रचना. या तीन वेळांना घड्याळ लागत नाही. रात्रपाळीवरून सकाळी परतलेला माणूसही कधीतरी झोपतो, उठतो आणि जेवतो. सवय घड्याळाला बांधली की पाळी बदलताच तुटते. रोजच्या अटळ कृतीला बांधली की टिकण्याचा संभव वाढतो. जेवताना फोन न पाहणे किंवा झोपण्याआधी उद्याची दोन कामे कागदावर लिहून डोक्यातून काढून टाकणे, एवढ्याने कोणी कृतार्थ होणार नाही. पण वाईट आठवड्यातही जमतील अशा सवयी एवढ्याच असतात.

कामाने खचण्याचे मोठे उदाहरणही याच मातीतले आहे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. त्यांच्याइतकी आखीव दिनचर्या क्वचितच कोणाची असेल. कातण्याच्या मजुरीवर जगण्याचे प्रयोग त्यांनी तासन्‌तास चरख्यापुढे बसून केले. तरीही १९३८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली की गांधीजी काळजीत पडले. विनोबा पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला गेले. जाताना धाम नदी ओलांडताना आपण आश्रमाच्या साऱ्या चिंता सोडून दिल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मग ते खणू लागले: आधी पाच मिनिटे, नंतर रोज थोडे वाढवत. काही महिन्यांत वजन भरून आले. शिस्त माणसाला वाचवतेच असे नाही, कधी तीच पोखरते. सावरताना त्यांनी शिस्त टाकली नाही, तिचे माप बदलले. मात्र पवनारला जाऊन राहण्याची मोकळीक त्यांना होती. तीन पोरांच्या बापाला कुठले पवनार?

म्हणून सगळा भार माणसाच्या सवयींवर टाकणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, असे याच संघटनेने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर मांडले. आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मान्यता दिली. जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर नेण्याचे ठरले. उद्योजकांची बाजू अगदीच पोकळ नाही. ऑर्डर एकदम येतात, जादा कामाला दुप्पट मजुरी असते आणि ती हवी असणारे कामगारही आहेत. निर्णयात कामगाराच्या लेखी संमतीची अटही आहे. पण ही संमती कंत्राटी कामगार कोणत्या बळावर नाकारणार, हे ज्याने ठेकेदाराची हजेरी पाहिली आहे त्याला विचारावे. बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा दीड तास गेल्यावर सवय लावायला उरते ती फक्त झोप.

माझा कौल असा की सवयी लावाव्यात, पण थोड्या. आणि त्यांतली पहिली सवय काम कधी संपवायचे हे ठरवण्याची असावी. ती एकट्याने लावता येत नाही, मालकही त्यात लागतो. पेणमध्ये तशी संधी समोर आहे. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ची अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला येते. म्हणजे हंगामाला अठरा दिवस जादा. आजवरची रीत पाहता ते वाढीव ऑर्डरने भरले जाण्याचीच शक्यता जास्त. ऑर्डर घेतानाच वहीत जुलै-ऑगस्टचे रविवार सुट्टीचे म्हणून मांडून टाकले आणि व्यापाऱ्याला तारीख त्याप्रमाणे दिली, तरच ते कारागिराच्या वाट्याला येतील.