शेवरोलेची गोष्ट: गाडी तुमची, पण तिचा डेटा कुणाचा?

अमेरिकेत शेवरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्या एका माणसाचा विम्याचा हप्ता २०२२ मध्ये एकदम २१ टक्क्यांनी वाढला. त्याच्या हातून एकही अपघात झालेला नव्हता. चौकशी केल्यावर त्याला लेक्सिसनेक्सिस या डेटा विकणाऱ्या कंपनीचं नाव कळलं. त्याने तिथून स्वतःबद्दलचा अहवाल मागवला, तर २५८ पानं आली! त्यातल्या १३० हून जास्त पानांवर त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्यांची नोंद होती. गाडी कधी निघाली, कधी थांबली, किती अंतर कापलं, कचकन ब्रेक कितीदा मारला, वेग कधी वाढला, सगळं. ते कुठे गेले एवढंच काय ते त्यात नव्हतं.

न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०२४ मध्ये हे प्रकरण छापलं आणि एकच गोंधळ उडाला. कारण ही माहिती त्याच्या गाडीनेच पाठवली होती.

आता तुम्ही म्हणाल, शेवरोले तर भारतात २०१७ पासून विकतच नाहीत, मग आपल्याला काय त्याचं? संबंध आहे, आणि तो थेट तळेगावपर्यंत येतो. पण त्याआधी ही कंपनी नेमकी कोण ते बघूया.

दरवर्षी नवं मॉडेल काढायची सवय कुणी लावली?

शेवरोले सुरू झाली १९११ मध्ये, डेट्रॉइटला. लुई शेवरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला रेसिंग ड्रायव्हर आणि विल्यम ड्युरंट हा धंद्यातला मुरलेला माणूस, असे दोघे एकत्र आले. ड्युरंटने त्याआधी जनरल मोटर्स, म्हणजे जीएम, उभी केली होती आणि ती त्याच्या हातून गेलीही होती. शेवरोले चालली, त्या जोरावर त्याने जीएम परत मिळवली आणि १९१८ मध्ये शेवरोले जीएमचाच भाग झाली. लुई मात्र तोवर कंपनी सोडून गेला होता. नाव त्याचं, गाडी दुसऱ्यांची!

तेव्हा बाजारात फोर्डच्या मॉडेल टीचं राज्य होतं. एकच मॉडेल, वर्षानुवर्षं तेच, फक्त किंमत कमी होत जाणारी. जीएमचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळा डाव टाकला. गाडीचं रूप दरवर्षी थोडं बदलायचं, म्हणजे जुनी गाडी चांगली चालत असली तरी जुनी वाटायला लागते. जोडीला कर्जावर गाडी, त्यासाठी १९१९ मध्ये जीएमने स्वतःची कर्ज देणारी कंपनीच काढली होती. १९२७ मध्ये शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकलं.

ओळखीचं वाटतंय ना? दरवर्षी नवा फोन आणि तो ईएमआयवर, या खेळाचे नियम शंभर वर्षांपूर्वी गाड्यांच्या बाजारात ठरले होते. पण त्या काळी एक गोष्ट पक्की होती. पैसे दिले, चावी घेतली, की कंपनीचा आणि तुमचा संबंध जवळपास संपला. गाडीच्या आत काय चाललंय ते कंपनीला कळायची सोयच नव्हती.

एक स्विच, ज्याचा पार्ट नंबर बदललाच नाही

माहिती कुणाकडे आहे, यावर माणसांचे जीव कसे अवलंबून असतात ते २०१४ मध्ये दिसलं. शेवरोले कोबाल्ट आणि जीएमच्या इतर काही गाड्यांमध्ये चावीचा, म्हणजे इग्निशनचा, स्विच सैल होता. किल्ल्यांचा जड जुडगा लटकला किंवा रस्त्यात धक्का बसला तरी तो फिरायचा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. जीएमच्याच भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यूंचा संबंध या स्विचशी असल्याचं मान्य केलं. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरायला मान्यता दिली.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यातला एक तपशील सगळ्यात जास्त टोचतो. हा स्विच २००६ च्या सुमारास गुपचूप सुधारला गेला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बदलला, पण व्हर्जन नंबर बदलला नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष आणि नव्यांत नाही, हे बाहेरच्या कुणाला कळेना. शेवटी मृताच्या घरच्यांनी खटला भरला, तेव्हा त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि फरक सापडला.

म्हणजे तोवर तरी असं होतं की कंपनीने लपवलं, तरी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडी उघडता येत होती. सॉफ्टवेअर असं उघडून बघता येत नाही.

गाडीतून डेटा बाहेर जातो कसा?

गाडीत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात. ब्रेकचा वेगळा, इंजिनाचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. ते एकमेकांशी कॅन बस नावाच्या वायरिंगवरून बोलतात. कनेक्टेड गाडीत याच वायरिंगला आणखी एक डबा जोडलेला असतो, टेलिमॅटिक्स युनिट. त्यात जीपीएस आणि ई-सिम. थोडक्यात, गाडीच्या पोटात एक फोन लपवलेला असतो. तुमचा मोबाइल घरी राहिला तरी हा फोन ऑन असतो.

जीएमने ही सेवा ऑनस्टार नावाने १९९६ मध्येच सुरू केली. मूळ हेतू चांगलाच होता: अपघात झाला की मदत आपोआप यावी, चोरीची गाडी सापडावी. पुढे त्यात स्मार्ट ड्रायव्हर नावाचं फीचर आलं. तुम्ही किती छान चालवता त्याचा स्कोअर दाखवणार, गेमसारखा. तो डेटा मात्र लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्ककडे जात होता आणि तिथून विमा कंपन्यांकडे.

फेडरल ट्रेड कमिशन ही अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था. जानेवारी २०२५ मध्ये तिने आरोप ठेवला की नोंदणीची पद्धत लोकांची दिशाभूल करणारी होती आणि गाडीचं ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपलं जात होतं. तडजोडीत ठरलं की जीएमने असा डेटा अशा एजन्सींना पाच वर्षं द्यायचा नाही. त्याआधीच, २०२४ मध्ये, बातमी आल्यावर काही आठवड्यांत जीएमने या कंपन्यांना डेटा देणं थांबवलं आणि स्मार्ट ड्रायव्हरही बंद केलं.

इथे दोष सेन्सरचा नाहीये, परवानगीचा आहे. ॲप बनवणाऱ्या कुणालाही विचारा. पहिल्यांदा उघडल्यावर येणाऱ्या स्क्रीन अशा मांडल्या जातात की तुमचा अंगठा आपोआप ‘पुढे’वर जावा. आणि शोरूममध्ये तर नवी गाडी, हार, पेढे, फोटो या गडबडीत टॅबलेट पुढे येतो. तेव्हा कोण वाचत बसतंय!

चांगलं काय, वाईट काय

एकच बाजू सांगणं बरोबर नाही, म्हणून बोल्टच्या मालकांचा दुसरा अनुभव बघा. या गाडीच्या एलजीने बनवलेल्या काही बॅटरी सेलमध्ये दोष निघाला आणि आगी लागल्या. २०२१ मध्ये जीएमने तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट, म्हणजे १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या, दुरुस्तीसाठी बोलावल्या. तोवर मालकांना सूचना होत्या की ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका, गाडी घराबाहेर उभी करा. इलेक्ट्रिक गाडी घेऊन ती घरी रात्री चार्ज करायची नाही, म्हणजे वैतागच.

पण इथे सॉफ्टवेअर कामाला आलं. बॅटरी बदलायचा नंबर लागेपर्यंत चार्जिंगची मर्यादा अपडेटनेच घालता आली. पुढे जुन्या बोल्टना मूळपेक्षा मोठी नवी बॅटरी फुकट बसली आणि रेंज २३८ मैलांवरून २५९ मैलांवर गेली. असे मालक खूश झाले नसते तरच नवल.

आता दुसरी बाजू. ऑनस्टारच्या सुरुवातीच्या गाड्या ॲनालॉग मोबाइल नेटवर्कवर चालायच्या. अमेरिकेत ते नेटवर्क गुंडाळायची वेळ आली आणि २००७ संपताना त्या गाड्यांमधलं ऑनस्टार कायमचं बंद पडलं. गाडी ठणठणीत, बटण जागेवर, पण दाबून उपयोग शून्य.

आणि ताजं प्रकरण. जीएमने २०२३ मध्ये ठरवलं की नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो द्यायचं नाही, सगळं कंपनीच्या स्वतःच्या सिस्टिमवर. शेवरोलेची नवी ब्लेझर ईव्ही अशीच आली, आणि सॉफ्टवेअर इतकं अडखळलं की डिसेंबर २०२३ मध्ये तिची विक्रीच काही महिने थांबवावी लागली. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये जीएमच्या प्रमुख मेरी बारा यांनी सांगितलं की पुढे पेट्रोल गाड्यांतही हाच मार्ग असेल. हा हट्ट कशासाठी? स्क्रीनवर गुगल किंवा ॲपल असलं की ग्राहक त्यांचा. स्क्रीन स्वतःची असली की महिन्याचं सबस्क्रिप्शन आणि डेटा, दोन्ही आपले.

तळेगाव आणि हालोलचा धडा

शेवरोलेचं मुंबईशी नातं जुनं. जीएमने १९२८ मध्येच शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. शेवरोले हे नाव भारतात परत आलं २००३ मध्ये. मग टवेरा, स्पार्क, बीट, क्रूझ. गुजरातेत हालोल आणि पुण्याजवळ तळेगाव असे दोन कारखाने. २०१३ मध्ये टवेराच्या उत्सर्जन चाचणीत गैरप्रकार झाल्याचं कंपनीने कबूल केलं आणि १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. मे २०१७ मध्ये तिने भारतातली विक्री थांबवायचं जाहीर केलं.

मालकांचं काय झालं? जुन्या गाडीचे भाव पडले, काही पार्टसाठी थांबावं लागलं. पण गाड्या बंद पडल्या नाहीत. टवेरा रस्त्यावर अजून दिसते, कारण तिला चालायला डिझेल आणि हुशार मेकॅनिक पुरतो. तिला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

आता पुढचं बघा. हालोलचा कारखाना एमजीकडे गेला आणि तिथून २०१९ मध्ये हेक्टर आली, ‘इंटरनेट कार’ म्हणून गाजावाजा करत. तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला आणि तिथून आता नवी व्हेन्यू बाहेर पडते. पहिली व्हेन्यूही २०१९ मध्ये कनेक्टेड एसयूव्ही म्हणूनच आली होती. जिथे सिमशिवायच्या गाड्या बनत होत्या, तिथेच आज सिमवाल्या बनतात. या कंपन्या जीएमसारखं वागतात असं मी म्हणत नाही. पण उद्या यातली एखादी कंपनी देश सोडून गेली, तर ॲप, रिमोट लॉक, अपडेट आणि तुमच्या फेऱ्यांचा इतिहास यांचं काय होणार, हा प्रश्न टवेराच्या मालकाला पडला नव्हता. आपल्याला पडायला हवा.

विम्याचंही तसंच. आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये आपल्याकडेही ‘जसं चालवाल तसा हप्ता’ प्रकारच्या विम्याला परवानगी दिली. तुम्ही समजून-उमजून तो घेतलात तर उत्तम, नीट चालवणाऱ्याचे पैसे वाचतील. गडबड न विचारता होण्यात आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती स्पष्ट हवी आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं तो सांगतो. मात्र कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे.

तोवर काय करायचं?

– गाडी घेताना विचारा: कनेक्टेड सेवा किती वर्षं फुकट, नंतर किती पैसे आणि ती बंद केली तर कुठली फीचर जातील? उत्तर लेखी मागा.

– शोरूममधल्या टॅबलेटवर दुसऱ्याला ‘मान्य’ दाबू देऊ नका. नोंदणी घरी, स्वतःच्या फोनवर करा.

– ॲपच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हिंग स्कोअर, लोकेशन हिस्टरी, डेटा शेअरिंग शोधा. नको ते बंद करा.

– गाडी विकताना स्क्रीनवरून फॅक्टरी रिसेट करा आणि ॲपमधून गाडी काढून टाका. नाहीतर तुमचे कॉन्टॅक्ट नव्या मालकाला मिळतील.

– सेकंडहँड कनेक्टेड गाडी घेत असाल तर उलटं तपासा: जुन्या मालकाच्या फोनवरून तुमची गाडी अजून अनलॉक होत नाही ना?

मायलेज, सीएनजी, सनरूफ हे तर आपण विचारतोच. त्या यादीत एक प्रश्न वाढवा: “ही गाडी माझ्याबद्दल काय काय आणि कुणाला सांगते?” सेल्समनला उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारलं, की कंपनीला उत्तर तयार ठेवावंच लागेल.