साखर वाढण्याइतकेच घटणेही जपावे

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात पाळीचे काम केलेल्या माणसाची हालचाल निवृत्तीनंतर एकाएकी थांबते. ताटातील भात मात्र तेवढाच राहतो. मग उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान येते. हीच मधुमेहपूर्व अवस्था. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात असे सुमारे १३.६ कोटी लोक आहेत.

ही शिक्षा नव्हे, सूचना आहे. रोजचे चालणे आणि मोजका आहार यांनी मधुमेह लांबवता येतो. परंतु भीतीपोटी जेवण टाळणे किंवा घरातील मधुमेही व्यक्तीची गोळी परस्पर घेणे, हे उतारवयात अधिक घातक ठरते. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो, आणि घरचे म्हणतात, 'वय झाले!' मधुमेहाची गोळी घेऊन एकादशी करणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांनी न्याहारी करूनच निघावे. शाखेनेही त्यांच्यासाठी खुर्ची आणि साखरेची डबी हाताशी ठेवावी. ग्राहकसेवेत एवढी आस्था अपेक्षित आहेच.