सायकल उभी करताना



कपाशीच्या किडीबद्दल पुढच्या अंकात लिहितो. आज सायकलीबद्दल लिहिणे भाग आहे. गेल्या पंधरवड्यात एका वस्तीवर गेलो, तर आठवीतली पोर भरदुपारी घरी. वस्तीपासून फाटा तीन किलोमीटर. तिथे सायकल लावून ती एस.टी.ने शाळेला जाई. ती सायकलच चोरीस गेली. बाप म्हणाला, "साहेब, बघू पुढल्या वर्षी." हे 'पुढल्या वर्षी' मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. त्यातल्या थोड्याच पोरी परत शाळेत गेल्या.

कुलूप होते का, विचारले. होते, सायकलीबरोबर मिळते ते, मागच्या चाकाचे. मंडळी, हे कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून कोणी टेम्पोत टाकली तर ते काय करणार?

मीही ठेच लागूनच शिकलो. 1996 साली आठवडी बाजारात मागचे कुलूप लावून निश्चिंत फिरलो. परत येऊन पाहतो तो पुढचे चाक गायब, चिमटा मातीत टेकलेला! पान्याने दोन नट सोडायला वेळ तो किती लागतो? सहा किलोमीटर हँडल उचलून सायकल ढकलत आणली. सायकल दुरुस्तीवाला हसून म्हणाला, "साहेब, मागचं बांधलंत आन् पुढचं दान केलंत."

तेव्हा हाताशी एक चांगली साखळी ठेवा. ती पुढच्या चाकातून आणि सायकलीच्या चौकटीतून ओवून पक्क्या रोवलेल्या वस्तूला बांधा. नुसत्या चाकाला बांधाल तर चाक राहील आणि सायकल जाईल. खांब बुटका नको, त्यावरून सायकल अलगद उचलून काढता येते. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला मात्र कधीच बांधू नका, पावसाळ्यात त्यात करंट उतरतो. झाड असेल तर जुने, जाड खोडाचे बघा. कोवळ्या रोपट्याची साल साखळीने सभोवार सोलली की ते वाळते. (एवढे तरी कृषी खात्याच्या माणसाने सांगायलाच हवे.)

साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा, रंग खरवडत नाही. साखळी सैल लोंबू देऊ नका. कुलूप जमिनीवर टेकले की दगडावर ठेवून हातोड्याने फोडता येते. कुलपाचे भोक खाली ठेवा, पाणी जात नाही. बारीक तारेची कुलुपे पकडीने तुटतात, त्यांवर पैसे घालू नका. गिअरच्या नव्या सायकलींची चाके आणि सीट खटका ओढला की हातानेच निघतात. तो खटका काढून साधा नट-बोल्ट बसवून घ्या.

आता कागदाचे. सायकलीच्या चौकटीवर नंबर ठोकलेला असतो. तो सीटच्या नळीवर किंवा पायडलचा दांडा जातो त्या नळीखाली सापडतो. चिखल पुसून तो आजच वहीत उतरवा आणि पावती जपा. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला. त्यात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. किंमत दाखवायला पावतीच कामी येते. तरीही तक्रार द्याच. सायकल कुठे सापडली तर ती तुमचीच, हे त्या नंबराशिवाय कसे पटवणार? हँडलची मूठ काढून आत नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सारून ठेवा. चोराला तिचा पत्ता लागत नाही.

त्या पोरीच्या आईला ट्रंकेत पावती मिळाली, नंबरही तीवर होता. बाप माझ्याबरोबर ठाण्यात आला. सायकल अजून सापडलेली नाही. तोवर चुलतभाऊ पोरीला डबलसीट फाट्यावर सोडतो.