फुरसत आणि रिकामपण

मराठी सुशिक्षित समाजाला करमणुकीविषयी पूर्वापार एक संकोच वाटत आला आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव धीटपणे ‘करमणूक’ असे ठेवले; तथापि करमणुकीच्या पोटात बोध असलाच पाहिजे ही त्या काळाची अट आपण अद्याप मागे घेतलेली नाही. शासनाने तर १९२३च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाद्वारे तिच्याकडे पाहिले ते करपात्र वस्तू म्हणून. अर्थशास्त्राचे आम्ही अध्यापकही फारसे निराळे नाही. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, आरोग्य असा क्रम फळ्यावर लिहून झाला की चित्रकथा, खेळ, सहल या साऱ्या गोष्टी ‘इतर खर्च’ या सदरात ढकलून आम्ही तासाची घंटा होण्याची वाट पाहतो. प्रस्तुत लेखकास या तिन्ही गोष्टींचा शौक शाळकरी वयापासून आहे आणि चाळिशी उलटली तरी तो सुटलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. म्हणजे पुढील विवेचन तटस्थ आहे असा कोणाचा गैरसमज व्हावयाचा नाही.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात करमणुकीचा विचार करणे काहींना चैनीचे वाटेल. मला तो येथेच अधिक निकडीचा वाटतो. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत ज्वारी निघाली की पुढचे कित्येक आठवडे हाताला काम नसते. पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची जाहिरात कधी निघेल याची वाट पाहत पदवीधर मुले वर्षेच्या वर्षे घालवितात. या वेळेला आपण सरसकट ‘मोकळा वेळ’ म्हणतो. वस्तुतः मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. फुरसत ही कामातून मिळवलेली असते आणि तिचे काय करावयाचे हे माणूस स्वतः ठरवितो. रिकामपण त्याच्यावर येऊन आदळते. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली धनिकांच्या दिखाऊ फुरसतीवर ग्रंथ लिहिला. गरिबाच्या रिकामपणावर कोणी तेवढ्या आस्थेने लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. फुरसतीला साधने लागतात: एखादे पुस्तक, एखादे मैदान, वेळेवर येणारी एखादी गाडी. ती साधने नसली की फुरसतीचे रिकामपण होते, आणि रिकामपणाला गिऱ्हाईक समजणारा बाजार फार लवकर दाराशी येतो.

साधने पूर्वी फार होती असे नव्हे. परंतु जी होती ती वाटून घेता येत. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून निघू लागला. टाइम्स समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ १९६७ची, तर बालभारतीचे ‘किशोर’ १९७१चे. मुंबईला कामाला गेलेला घरचा माणूस सुटीत गावी येताना यांतले एखादे मासिक वा चित्रकथा आणी, आणि मग त्या एका प्रतीवर अख्खी आळी महिनाभर वाचत असे. पाने सुटत, मुखपृष्ठ हरवे, शेवटच्या पानाअभावी गोष्टीचा शेवट ज्याचा त्याने करावयाचा असे. बोजड परिभाषा टाळून सांगावयाचे तर, एकाने वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही अशा जातीची ही वस्तू होती. घेणारा एक, वाचणारे पंधरा. दरडोई खर्च हिशेबात धरण्याजोगाही नाही.

शिक्षकवर्गाचा रोष मात्र चित्रकथांच्या वाट्याला नेहमीच आला. भूगोलाच्या पुस्तकात दडवलेला वेताळ पकडला गेला की छडी ठरलेली. परंतु त्या वेताळाने किती भूगोल शिकविला, हे कोणी पाहिले? ली फॉकने १९३६ साली निर्मिलेला हा मुखवटाधारी वीर ‘बेंगाला’ नामक कल्पित प्रदेशात राहत असे. आपल्याकडे त्या नावामुळे बंगालचा घोटाळा होऊ नये म्हणून संपादकांनी त्याचे ‘डंकाली’ केले. ही गंमत पुढे कळली तेव्हा भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणे नव्हे, हे मला पहिल्यांदा उमगले. दुसरा वेताळ चांदोबातला, विक्रमाच्या खांद्यावरचा. तो प्रत्येक गोष्टीच्या शेवटी न्यायाचा एक प्रश्न विचारून झाडावर परत जाई. नागरिकशास्त्राच्या कोणत्या धड्याने दर महिन्याला असा प्रश्न विचारला आहे? चांदोबा आता निघत नाही. ‘किशोर’ निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने विनामूल्य वाचावयास खुले केले आहेत, ही गोष्ट अनेक शिक्षकांनाही ठाऊक नाही.

खेळाकडे वळू. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. दोन खांब, चुन्याच्या चार रेघा आणि पळावयास पाय एवढ्या भांडवलावर चालणारा खेळ जगाच्या व्यासपीठावर गेला, याचा आनंद झाला नाही असा क्रीडाप्रेमी विरळा. मात्र हे सामने मातीवर झाले नाहीत, मॅटवर झाले. कबड्डीचेही २०१४ साली प्रो-कबड्डी सुरू झाल्यापासून तेच. खेळाला प्रतिष्ठा आली की त्याचे साधन महाग होते, आणि ज्या गावाने तो खेळ जगविला त्याच गावचा मुलगा मातीवर सराव करून मॅटवरच्या निवड चाचणीत घसरतो. प्रेक्षकांची संख्या लाखांनी वाढली आणि खेळणाऱ्याची वाट अरुंद झाली, असा हा विचित्र व्यवहार आहे.

आपल्या खेळाडूंच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. त्यातील हिशेब सांगत नाही. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठविण्यासाठी मित्रांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळे याला. मध्ये ७२ वर्षे गेली. कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी तुडवीत असे. पुढे सैन्यात गेला आणि तेथे धावपटू म्हणून घडला. पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. महिन्याचा पगार आणि सरावाची मुभा या दोन गोष्टी रेल्वेने वा सैन्याने दिल्या तेव्हा गुणाला फळ आले. फुरसतीला साधने लागतात असे वर म्हटले, त्याचा याहून स्पष्ट दाखला मला देता येणार नाही.

आता बाजाराकडे. क्रिकेटचे वेड आमच्या जिल्ह्यास परके नाही. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातील आश्वीचा. परंतु गेल्या दहा वर्षांत या वेडाला निराळे वळण लागले. कट्ट्यावरची मुले सामना पाहत नव्हती. आपण पैसे लावून मोबाइलवर मांडलेल्या काल्पनिक संघातील कोणता खेळाडू किती गुण देतो, ते पाहत होती. भारत जिंको वा हरो, गोलंदाजाने आपल्याला गुण दिले म्हणजे झाले! हा ‘कौशल्याचा खेळ’ आहे असे कंपन्या सांगत. हा युक्तिवाद जुनाच आहे. १९५०च्या सुमारास बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी असाच धुमाकूळ घातला होता. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील कोड्यांच्या पायी मुंबई राज्यातील माणसे पैसे भरीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय १९५७ साली आला. १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याच्या बक्षिसांची एकूण रक्कम हजार रुपयांवर जाऊ नये असे बंधन घातले होते. मटक्याचा आरंभ न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील दरांवर पैसे लावण्यातून झाला. म्हणजे जागतिकीकरण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी आमचा गरीब माणूस अमेरिकेच्या बाजारभावावर बुडत होता.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळ चालविण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. तो वाद विधिज्ञांनी पाहावा. मला बंदी योग्य वाटते. परंतु बंदीने एक दुकान बंद होते. गिऱ्हाइकाच्या हातातला वेळ तसाच राहतो. ज्या मुलाला गावात संध्याकाळी करण्याजोगे काहीच नाही, तो उद्या दुसरे दुकान शोधील, आणि ते कदाचित कर न भरणारे, परदेशातून चालणारे असेल.

प्रवासाबद्दल आमच्या तालुक्याला थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि तो रस्ता आमच्या सुप्यावरून जातो. प्रवास ही आज चैन राहिलेली नाही. केंद्राच्या उपभोग-खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात अन्नावरील खर्चाचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७ टक्क्यांवर आला. आणि अन्नेतर खर्चात सर्वांत मोठी बाब येण्याजाण्याची आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले तेव्हा आमच्या काही व्यवसायबंधूंनी ‘रेवडी’ म्हणून नाके मुरडली. त्यांनी पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला जाणाऱ्या गाडीत एकदा बसावे. ज्या बाईच्या आयुष्यात माहेर आणि आठवडे बाजार याखेरीज तिसरे ठिकाण नव्हते, ती आपणहून, कोणाला भाडे न मागता, शेजारणीबरोबर देवाला निघते. याला अनुत्पादक खर्च म्हणणारे अर्थशास्त्र मला शिकवावयाचे नाही. अर्थात तोट्याचा प्रश्न खोटा नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले ते हौसेने नव्हे. सवलतीची भरपाई शासनाने वेळेवर आणि पूर्ण दिली पाहिजे, नाही तर निम्म्या भाड्याचे तिकीट हाती राहील आणि गाडी येणार नाही.

शाळांच्या सहली दूरच्या पाण्याच्या उद्यानांकडे धावतात, हेही या ओघात सांगितले पाहिजे. आमच्या निघोजला कुकडीच्या पात्रात, खडकात अडकलेल्या गोट्यांनी प्रवाहाबरोबर फिरून फिरून रांजणासारखी कुंडे कोरली आहेत; टाकळी ढोकेश्वरला लेणे आहे; जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. तालुक्यातली मुले पदवीला येतात तोवर यांपैकी एखादेही ठिकाण त्यांनी पाहिलेले नसते. एका दिवसाची, डबा बांधून नेण्याची ही सहल. परंतु तिची जाहिरात करणारा कोणी नाही, कारण तीत कोणाला नफा नाही.

मग करावयाचे काय? नवी योजना मागण्याची गरज नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि वर्तमानपत्रे व नियतकालिकांसह ग्रंथालय असले पाहिजे असे लिहिलेले आहे. अनेक ठिकाणी ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेले एक कपाट असते आणि पुस्तके फाटतील या भीतीने ते उघडत नाही. फाटू द्यावीत! फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कोऱ्या पुस्तकांबद्दल खुलासा मागावा. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७च्या कायद्यान्वये अनुदान मिळते. त्यांनी चित्रकथांसाठी एक फळी राखून ठेवावी. खुल्या व्यायामशाळांच्या नावाने गावोगाव लोखंडी यंत्रे बसली आणि गंजली. त्या रकमेत खो-खोची मैदाने सपाट झाली असती.

एक गोष्ट मात्र तालुक्याच्या पातळीवर, एका बैठकीत होण्याजोगी आहे. महाविद्यालयांत सरावाची वेळ तास संपल्यावरची, म्हणजे सायंकाळची असते, आणि नेमक्या त्याच वेळी खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या सुटतात. पास असलेला मुलगा, आणि विशेषतः मुलगी, मैदानावर थांबूच शकत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण शेवटची गाडी गेल्यावर मोफत पासाचा उपयोग काय? संघात निवडल्या जातात त्या गावात राहणाऱ्या मुली. वाडीवरची, कदाचित त्यांच्याहून चपळ असलेली मुलगी थांब्यावर उभी असते. प्राचार्य, क्रीडाशिक्षक आणि आगार व्यवस्थापक यांनी एकत्र बसून दोन-तीन मार्गांवरची शेवटची गाडी तासभर पुढे नेली, तर किलोमीटर तेवढेच राहतील आणि डिझेलही तेवढेच जळेल. चालक-वाहकांच्या पाळीचा प्रश्न येईल, तो त्यांच्याशी बोलून सोडवावा लागेल. जून महिन्यात नवे वेळापत्रक लावताना हे करून पाहावे.