खुडूक

भाचा रविवारी सकाळी सातपाटीहून आला, हातात थर्माकोलचा डबा. मला वाटलं, सरंगा आणला. झाकण उघडलं तर आत बर्फ नाही, मासळी नाही, नुसता वास.

"मावशी, ह्यात फेझंटची पिल्लं काढायची."

हा भाचा तारापूरच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. आठ तास दुसऱ्याच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान सांभाळायचं आणि घरी आल्यावर मोबाईल बघायचा, हा त्याचा दिनक्रम. त्या मोबाईलमध्ये परदेशातल्या कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये अंडी उबवून चोविसाव्या दिवशी ओलीचिंब पिल्लं काढून दाखवली होती. पिवळी शेंडी, लालभडक पोट, हातभर लांब शेपूट असा त्यांचा बाप पिंजऱ्यात मिरवत होता. बस्स, तेव्हापासून ह्याच्या डोक्यात फेझंट.

मी शाळेत जन्म घालवलाय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अंडी कुठून आणणार? तो म्हणाला, विकत मिळतात कुठेतरी, नाहीतर आपल्या डोंगराकडे रानकोंबड्या आहेतच की. तिथे मात्र मी त्याला थांबवलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' ह्या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदूक लागत नाही, फासा लागत नाही. रानपाखराच्या अंड्यांची नासधूस केली किंवा घरट्याला, अंड्यांना धक्का लावला, तरी ती शिकारच. आपल्याकडचे फेझंट वाढवायचे ते सरकारने, आणि तेही कशासाठी, तर पुन्हा रानात सोडण्यासाठी. हिमाचलात सराहनला जुजुराणा नावाचा फेझंट वाढवतात, चैलला चीर फेझंट. तिथल्या माणसांनाही त्या पाखरांनी वर्षानुवर्षं दमवलं. इथे आमच्या पाम गावात, मासळीच्या डब्यात ते होणे नाही.

त्याचं तोंड उतरलं. मग मीच म्हटलं, अरे, फेझंट फेझंट म्हणजे काय? मोर त्याच कुळातला, रानकोंबडा त्यातलाच, चकोत्री, तित्तर, बटेर सगळी त्याच घराण्याची. आणि शेजारच्या काकींच्या उकिरड्यावर दिवसभर पाय झाडत असते, ती कोंबडीसुद्धा. गावठी कोंबडीचे पाय पिवळेधमक असतात ना, तो रंगही तिच्या मूळ बापाचा नाही. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण त्वचेचा पिवळेपणा आला राखी रानकोंबड्याकडून, हे 2008 साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा. त्याच्या मानेवरच्या मेणासारख्या ठिपक्यांच्या पिसांवर इंग्लंडचे गळ टाकणारे इतके भाळले होते की ती पिसं बोटी भरभरून जायची. काकींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असंल. माझी तर बोयसरच्या बाजारातली."

तडजोड अशी ठरली की अंडी काकींच्या गावठी कोंबड्यांची आणि डबा भाच्याचा. त्याने मधेच बटेरचा विषय काढून बघितला. बटेर पाळता येते. जपानी बटेर 1974 मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली, तिथून ती देशभर पसरली. अंडी सतरा दिवसांत फुटतात. पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून ती अंड्यांवर बसायचंच विसरली आहे. अंडं घालते आणि त्यावर पाय देऊन पुढे जाते. म्हटलं, नको बाई.

आता डब्याविषयी. दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, ऑनलाईन मागवलेला थर्मोस्टॅट, एक आर्द्रता दाखवणारं घड्याळ. पिवळे बल्ब मिळवायलाच तीन दुकानं पालथी घालावी लागली, सगळीकडे एलईडी. आणि एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तापमान साडेसदतीस अंश. वीस अंडी, प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलेलं कळतं. दिवसातून तीनदा किंवा पाचदा, विषम वेळा फिरवायचं, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. नाही फिरवलं तर आतला जीव टरफलाला चिकटतो. दुपारची पाळी माझ्याकडे आली. भाच्याची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटेचीही.

व्हिडिओत सांगितलं होतं, डब्यात पाण्याची वाटी ठेवा. ठेवली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडी धरली. चार नुसती पिवळी, वांझ. सोळांमध्ये मात्र लाल शिरांचं जाळं आणि मधे एक ठिपका, हलणारा. मी आयुष्यभर मुलांना फळ्यावर अंड्याची आकृती काढून दाखवली; हलणारा ठिपका पहिल्यांदा बघितला. पण अंड्याच्या बोथट टोकाला जी हवेची पोकळी असते ती वाढायला हवी होती, ती होती तेवढीच होती. टरफलाला हजारो छिद्रं असतात. त्यांतून पाणी उडून जातं, हवा आत येते. एकवीस दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा-तेरा टक्क्यांनी घटायला हवं. नाहीतर शेवटी पिल्लाला श्वास घ्यायला जागाच उरत नाही, आतल्या आत गुदमरतं.

इथे मात्र भाच्याचा धंदा कामाला आला. त्याने वहीत आकडेमोड केली. बाहेर अठ्ठावीस अंश आणि नव्वद टक्के दमटपणा; तीच हवा साडेसदतीसपर्यंत तापवली की दमटपणा आपोआप पन्नाशीच्या आसपास येतो, आणि अंड्यांना नेमका तेवढाच लागतो. व्हिडिओवाल्याच्या कोरड्या देशात वाटी हवी. जूनमध्ये पामला वाटीची गरज काय? शेजारच्या नवापूरच्या समुद्रावरून येणारा वारा ती घेऊनच येतो. वाटी काढली.

(तो वारा आणखी काय काय घेऊन येतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या क्रमवारीत तारापूर औद्योगिक वसाहत देशात पहिली आली होती. टरफलाची छिद्रं काही गाळणी नव्हेत. रात्री डब्याशी बसले की हा विचार यायचा, आणि मग खिडकी लावायची की उघडायची हेच कळायचं नाही.)

इकडे काकींकडे वेगळाच सोहळा चालू होता. त्यांची एक काळी कोंबडी खुडूक झाली होती. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी : पंधराएक अंडी घातली की गावठी कोंबडीला एके दिवशी काहीतरी होतं. ती खुराड्यातून उठत नाही, अंगावरची पिसं फुलवून पसरते, जवळ गेलं की घशातून खर्रर्र असा आवाज काढते, आणि पोटाची पिसं झडून कातडी उघडी पडते. ती उघडी, गरम कातडी म्हणजे तिचा बल्ब. खाणंपिणं दिवसातून एकदा, तेही पळत. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या जागेवर बसून राहते. अंडी विकणाऱ्याला हा रोग वाटतो. खुडूक कोंबडी घालवायला लोक तिला पाण्यात बुडवतात, डालग्याखाली उलट्या पाटीवर उपाशी कोंडतात. आणि मोठ्या पोल्ट्रीने तर हा स्वभावच निवडून निवडून काढून टाकला. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशे अंडी देते, गावठी पन्नास-साठ. उरलेल्या दिवसांत गावठी काय करते, तर बसते. तिच्या त्या बसण्याचे दिवस आपण अंड्यांत मोजून घेतले आणि मग उबवायला यंत्रं बांधली. भाच्याचा डबा त्या यंत्रांचाच धाकटा भाऊ.

खरं तर फेझंटवाल्यांनाही हे ठाऊक होतं. पिंजऱ्यातली फेझंटची मादी अंडी घालते, पण त्यांवर धड बसत नाही. म्हणून इंग्लंडातल्या जमीनदारांचे रखवालदार आसपासच्या खेड्यांतून खुडूक कोंबड्या गोळा करायचे आणि ती अंडी त्यांच्याखाली ठेवायचे. शिकारीचे ते सगळे डौलदार पक्षी वाढले कुणाच्या तरी परसातल्या कोंबडीखाली.

काकी त्यांच्या काळीला रवणीला बसवायच्या बेतात होत्या. बांबूची पाटी, तळाला तूस, त्यात तुटक्या विळ्याचं पातं आणि कोळशाचे दोन खडे. वीज कडाडली की अंडी गार पडतात, लोखंड वीज ओढून घेतं, असं त्या म्हणतात. मी काही बोलले नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं पिल्लं काढली तिला विजेचा धडा कोण देणार? अंडी मात्र त्यांच्याकडे उरली नव्हती, सगळी आमच्या डब्यात. काळी रिकाम्या तुसावर चार दिवस बसून होती.

पंधराव्या रात्री मोठा वारा सुटला. साडेदहाला लाईट गेली. भाचा नाईटला, मी एकटी. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवल्या, दर तासाला बदलल्या. तीन वाजता गॅस संपत आला. भाच्याला फोन केला तर त्याने धीर दिला : ह्या वयाची अंडी स्वतःच थोडी ऊब तयार करतात, पहिल्या आठवड्यात लाईट गेली असती तर जास्त धोका होता, थंडीपेक्षा अती गरम झालं तर लवकर मरतील, बाटल्या अंगाला लावू नकोस. सगळं बरोबर, पण डब्यातलं तापमान बत्तीस अंशांवर आलं होतं. साडेतीनला मी छत्री घेतली आणि काकींचं दार वाजवलं.

काकींनी काही विचारलं नाही. "अंधारातच करायचं आसतं," एवढंच म्हणाल्या. पदराखाली अंडी झाकून आणली. काळीच्या पोटाखाली एकेक सरकवलं. तिने माझ्या मनगटावर एक टोच मारली आणि मग चोचीने स्वतःच प्रत्येक अंडं आत ओढून घेतलं. बारा मावली. चार उरली ती डब्यात परत.

लाईट सकाळी साडेनऊला आली.

एकोणिसाव्या दिवशी काकींनी मला पाटीशी कान लावायला सांगितलं. टरफलाच्या आतून चिवचिव, आणि वरून काळीचं अगदी खालच्या पट्टीतलं कूकू. माझ्या डब्यातल्या पंख्याला हे बोलणं येत नव्हतं. एकविसाव्या दिवशी तिच्याखाली नऊ पिल्लं. तीन अंडी तिने स्वतःच पाटीच्या कडेला ढकलली होती. डब्यात बाविसाव्या दिवशी पहाटे एक पिल्लू निघालं. भाचा नाईट करून थेट डब्यासमोर बसला होता. पिल्लाने डोळे उघडले तेव्हा समोर तो. दुपारपर्यंत ते त्याच्या चपलेमागे पळायला लागलं. कोन्राड लोरेन्झच्या मागे बदकाची पिल्लं, हंसाची पिल्लं अशीच फिरायची. त्या माणसाला 1973 मध्ये नोबेल मिळालं. भाच्याला सेकंड शिफ्टला जायचं होतं.

रात्री ते पिल्लूही काळीखाली सरकवलं. सकाळी दहाच्या दहा तिच्यामागे अंगणात. काकींनी वारुळाचं ढेकूळ फोडून वाळवी पसरली, तांदळाची कणी टाकली. वर घार फिरत होती. काळीने एकच आवाज काढला आणि दहा पिल्लं दिसेनाशी झाली. मानमोडीची लस टोचून घ्या, म्हणून मी काकींच्या मागे लागले आहे. कोंबड्यांच्या साथीची आम्हाला आठवण आहेच : 2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तो नंदुरबारच्या नवापूरला, आमच्या शेजारच्या नव्हे. पण 'नवापूर' ऐकून पुण्याच्या नातेवाइकांचे आम्हाला फोन, आणि इथे बाजारात कोंबडीला गिऱ्हाईक नाही. काकींना त्यातलं एवढंच आठवतं की त्या वर्षी त्यांच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या.

चपलेमागे पळणारं पिल्लू आता तलंग झालं आहे. भाच्याची मोटारसायकल कुंभवलीच्या वळणावर वाजली की ती मान वर करते, मग परत उकिरडा उकरायला लागते. डब्यातले बल्ब काढले, पंखा काढला. परवा त्यात त्याने सरंगा आणला.