तारापूरवर हल्ला झाला तर गुन्हेगार कोण?

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्राच्या यादीत पहिल्या वर्गात तीन नावे होती : मुंबई, उरण आणि तारापूर. बोईसरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला किंवा घिवलीच्या कोळणीला त्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नव्हती. 1969 पासून अणुवीज केंद्र त्यांच्या दाराशीच उभे आहे.

उद्या अशा केंद्रावर कुणी हल्ला केलाच, तर जाब कुणाला विचारायचा? बटण दाबणाऱ्या सैनिकाला, की हुकूम देणाऱ्या सेनापतीला?

एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 रोजी केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. कारगिल झाले तरी ही प्रथा मोडली नाही. हे मोठेच आहे. पण हा करार सरकारांना बांधतो. तो मोडणाऱ्या माणसाला काय शिक्षा, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

माणसाला जबाबदार धरण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. ‘वरून हुकूम होता’ एवढे म्हणून सुटका होत नाही, हे न्यूरेंबर्गने सांगितले. आपल्या सैनिकांना कत्तलींपासून आवरले नाही, म्हणून जपानी जनरल यामाशिताला 1946 मध्ये फाशी झाली. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलने अणुवीज केंद्रांना आणि धरणांना खास संरक्षण दिले. हाताखालच्यांचा गुन्हा दिसत असूनही न रोखणारा अधिकारीही दोषी, असे त्यात लिहिले आहे.

भारताने त्यावर सही केलेली नाही. पाकिस्तानने सही केली, पण मंजुरी दिली नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातही दोघे सामील नाहीत.

कायद्याने बॉम्ब थोडाच अडतो, असे कुणी म्हणेल. युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या केंद्रावर 2022 मध्ये गोळे पडलेच. खरे आहे. पण उद्या कोर्टात आपले नाव पुकारले जाईल, ही धास्ती हुकूम देणाऱ्याचा हात आखडायला लावते. सगळा दोष शिपायाच्या माथी मारून साहेब मोकळा, हा मार्गही बंद होतो.

कराचीच्या किनाऱ्यावरही अणुवीज केंद्र आहे, आणि तिथेही मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. तारापूरसाठी संरक्षण मागणाऱ्याने ते कराचीसाठीही मागितले पाहिजे. त्याची सुरुवात भारताच्या सहीने व्हावी.