फुटलेले प्लॅस्टिक जोडण्याचा हुन्नर



पाण्याचे पिंप, बादली, टब, टाकी, गाडीचे बंपर, सारे आता प्लॅस्टिकचे झाले आहे. तडा गेला की वस्तू भंगारात किलोच्या भावाने जाते आणि नव्या वस्तूसाठी पगाराला कात्री लागते. हाच तडा गरम हवेने जोडता येतो. घरासाठी हे उपयोगी आहेच, शिवाय हाताला काम देणारा हुन्नरही आहे.

पहिली पायरी ओळखीची. जात सारखी असेल तरच प्लॅस्टिक जुळते, असे हे एकच क्षेत्र आम्हाला मान्य आहे! वस्तूच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पीपी. आकडा नसेल तर छोटा तुकडा पाण्यात टाकावा. साधे एचडीपीई आणि पीपी तरंगतात, पीव्हीसी बुडते. जोडायची कांडी त्याच प्रकारची हवी. नसेल तर तशाच टाकाऊ वस्तूची पट्टी कापून घ्यावी.

ही पारख आपल्या कितीतरी आयाबहिणींच्या बोटांत आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया आहेत. कचरा वेचणारी बाई नुसते हाताळून प्लॅस्टिकचा प्रकार सांगते. हे ज्ञानच आहे, पण त्याचे मोल तिला किलोच्या भावानेच मिळते. घरातील तरुणाने तिच्याकडून ही पारख शिकावी. त्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष काम. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. जागा धुऊन, पूर्ण सुकवून, वरचा जुना थर खरवडावा. तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करावी. गरम हवेच्या गनच्या तोंडाशी साधारण ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. कांडी जवळजवळ उभी धरावी, हवा कांडीवर आणि खाचेवर आलटून पालटून फिरवावी आणि दोन्ही मऊ झाले की कांडी एकसारखी दाबत पुढे जावे. दोन्ही बाजूंनी बारीक कडा वर आली तर जोड चांगला. रंग तपकिरी झाला तर प्लॅस्टिक जळले असे समजावे. नुसती कांडी वितळून उपयोग नाही, खालचा पृष्ठभागही वितळला पाहिजे. जोड आपोआप थंड होऊ द्यावा, पाणी ओतू नये.

उन्हाने ठिसूळ झालेली वस्तू जोडाशेजारी पुन्हा फुटते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ जोड देऊन पैसे घेणे ही फसवणूक आहे. बुद्धांनी सांगितलेली सम्यक आजीविका अशा लहान कामातही पाळायची असते.

जिवाची काळजी पहिली. पीव्हीसी जळले की नाका-घशाला जाळणारा आम्लाचा वायू निघतो. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे, बंद खोलीत लेकरांजवळ करू नये. चामडी हातमोजे आणि चष्मा वापरावा. पेट्रोलची टाकी किंवा रसायनाचे पिंप रिकामे दिसले तरी त्याला गन लावू नये, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाच्या सोयी मागितल्या होत्या. जन्माने लादलेले काम वेगळे आणि शिकून निवडलेला हुन्नर वेगळा. मुलाची शाळा मात्र यासाठी सोडवू नका. शिकलेल्या तरुणांनी चौघांत मिळून एक गन घ्यावी, आधी वस्तीतल्या बादल्या जोडाव्यात, हात बसला की गॅरेजचे बंपर घ्यावेत आणि हिशेब वहीत लिहावा.